टॉवेलांच्या यादीतली चार माणसं

धुळ्यातल्या माझ्या लॉन्ड्रीत नवीन गिऱ्हाईक आलं की कपडे टाकायच्या आधी ते भिंतीकडे बघतं. तिथे खिळ्यांना तीन टॉवेल टांगलेत. एक पांढरा, कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने भरलेला नांगर. दुसराही पांढराच, पण कडेला सोनेरी पट्टी. तिसरा नारिंगी, एके काळी डोळ्यांत खुपायचा, आता धुऊन धुऊन नरम पडलाय. "विकायचे का?" असं लोक विचारतात. नाही म्हटलं की तोंड वाकडं करतात, आणि मग माझं डोकं फिरतं. दुकानावर पाटी लॉन्ड्रीची आहे, टॉवेल भांडाराची नाही.

तिन्ही टॉवेल एकाच बोटीचे, मालक मात्र तीन. त्या बोटीला एकंदर चार मालक झाले आणि नावंही चार पडली. चौथ्याचा टॉवेल माझ्याकडे नाही, कारण त्याच्या राज्यात मी एकही टॉवेल धुतला नाही. त्याच्या यादीत मी नव्हतोच. बोट आता राहिली नाही, मधल्या काळात तोडायला गेली. मी मात्र इथे बसून लोकांच्या सफारीला इस्त्री करतोय. आज हे सांगताना हसू येतं. तेव्हा पाचावर धारण बसली होती.

आमचं मूळ गाव पारोळ्याजवळचं, पण मी वाढलो दीपनगरच्या वसाहतीत. वडील वीज केंद्रात बॉयलरवर होते. वसाहतीत दोरीवर कपडे वाळत घातले आणि वारा फिरला की त्यांच्यावर राखेचा थर बसायचा. माय, म्हणजे माझी आई, एकच चादर दोनदा धुवायची आणि तिसऱ्यांदा झटकून घ्यायची. पांढऱ्या कपड्याचं वेड मला तिच्याकडून लागलं. शिक्षण बेताचंच. भुसावळला रेल्वेच्या चादरी धुणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागलो, वाफेच्या इस्त्रीवर हात बसला आणि तिथल्याच एकाच्या ओळखीने मुंबईला बोटीच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेलो. साहेबांनी विचारलं, पोहता येतं का? म्हटलं, येतं साहेब, भडगावला मामाकडे गिरणेत पोहलोय, पाणी असतं तेव्हा. साहेब खो-खो हसले. हसले म्हणूनच तुम्हाला घेतलं, असं माझी बायको अजून म्हणते.

क्रूझ म्हणजे समुद्रावरचं हॉटेल. वर नाचगाणी, पोहायचे तलाव, दिवसभर खाणं, खाली आम्ही. लॉन्ड्री पाण्याच्या पातळीच्याही खाली होती, तिला खिडकी नव्हती. गावातले लोक विचारतात, सगळं जग फिरलास, काय पाहिलंस? खरं सांगायचं तर मी जगाचे डाग पाहिले. टॉवेलांना तेलाचा वास आला की समजायचं, वर कडक ऊन आहे. रजया जास्त आल्या की थंड देश. टेबलक्लॉथ नुसतेच चुरगाळून आले आणि त्यांच्यावर अन्नाचा कणही नाही, तर समुद्र खवळलाय आणि कोणाला जेवण जात नाही.

आमचे मास्तर, म्हणजे लॉन्ड्रीचे मुख्य, गोव्याचे होते. पहिल्या मालकापासून ते त्या बोटीवर. बोट बांधली गेली एका थंड देशात. कपाटांच्या आत तिथल्या भाषेतल्या पितळी पट्ट्या होत्या, त्या कोणालाच वाचता यायच्या नाहीत. चादरींना इस्त्री करणारा मोठा रोलरही त्याच काळातला. वाफ धरायला त्याला सकाळी अर्धा तास लागायचा आणि सोमवारी हमखास रुसायचा. मास्तर त्याच्या पाठीवर थाप मारून कोकणीत काहीतरी पुटपुटत, मग तो चालू होई. नांगराचा टॉवेल त्या पहिल्या मालकाचा. मी गेलो तेव्हा मालक दुसरा होता, आणि नांगराचे टॉवेल आम्हा कामगारांच्या केबिनमध्ये उतरले होते.

हे उतरणं मला फार लवकर कळलं. मालक बदलला की दोन माणसं फळीवर बसून बोटीच्या पाठीमागे लोंबकळत आणि जुन्या नावावर रंग मारत. रंगाखाली जुनी अक्षरं पत्र्यावर उठलेलीच राहायची. बंदरात तिरपं ऊन पडलं की सगळी नावं एकमेकांत घुसलेली दिसायची. लॉन्ड्रीतही तसंच. नव्या मालकाचे टॉवेल पाहुण्यांना, त्याच्या आधीच्याचे आम्हाला, आणि त्याच्याही आधीच्याचे फाडून इंजिनवाल्यांना हात पुसायला. "मालक नवा, मळ जुनाच," मास्तर म्हणायचे. 

दुसरा मालक मला आवडायचा, म्हणजे त्याचे पाहुणे आवडायचे. सगळी म्हातारी जोडपी. चहाचे डाग, मुरंब्याचे डाग, कधीतरी लिपस्टिक. टेबलक्लॉथला खळ इतकी कडक लागायची की तो आपला आपण उभा राहावा. नऊ महिने काम, मग दोन-तीन महिने घरी, पुन्हा बोट. अशी काही वर्षं बरी गेली. मग एके दिवशी मास्तरांनी आम्हाला ओळीत उभं केलं आणि सांगितलं, आपल्याला विकलं. नेपाळचा एक जण होता, तो रडायलाच लागला. मास्तर म्हणाले, तुला नाही विकलं, बोट विकली. 

तिसरा मालक आला तो नारिंगी रंग घेऊन. पूर्ण बोट नारिंगी, वर घसरगुंड्या, रात्रंदिवस धाडधाड गाणी, पाहुणे सगळे तरणेताठे. त्याचे नारिंगी टॉवेल खोकी भरभरून आले. पहिल्या धुण्याला मी आणि नेपाळी दोघंच होतो. मास्तरांनी बजावलं होतं, नवा रंग एकटा धुवा. मला कोण घाई! मशीन अर्धं रिकामं दिसलं, म्हणून मी त्यात कॅप्टनचे पांढरे शर्ट टाकले. आमच्या घरी बादलीभर कपडे साठल्याशिवाय कधी कोणी धुवायला काढले नाहीत, ती सवय. संध्याकाळी कॅप्टन जेवणाच्या टेबलावर बसला तेव्हा त्याचा शर्ट हळद लागलेल्या नवरदेवासारखा दिसत होता. मास्तरांनी मला तीन दिवस मोज्यांच्या जोड्या लावायला बसवलं. 

मास्तर त्याच मालकाच्या काळात निवृत्त झाले आणि लॉन्ड्री माझ्याकडे आली. हाताखाली तिघं: तो नेपाळी आणि इंडोनेशियाचे दोघं भाऊ. मी आता 'लिनन कीपर' झालो, म्हणजे बोटीवरच्या प्रत्येक चादरीचा, उशीच्या अभ्र्याचा, हातरुमालाचा जबाबदार माणूस. तेव्हाच्या माझ्या रुबाबाबद्दल बायकोला विचारू नका.

आता घरचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई ही देवी बसते. घर धुऊनपुसून लख्ख करायचं, पडदे-चादरी धुवायच्या (मी घरी असलो की त्याला मलाच जुंपतात), आणि तिचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाडसर पोळ्या, करायचे. रोटाच्या दळणाची आमच्याकडची रीत अशी की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे. पाळण्यातलं तान्हं असो की खाटेवरचा म्हातारा, मूठ सारखीच. बायकांची मूठ नाही. यावरून माझी मुलगी दरवर्षी आजीशी भांडते. मला तिचंच पटतं, पण मी मूठवाला, त्यामुळे गप्प बसतो. एका माणसाची मूठ एकाच ठिकाणी घ्यायची. रोट भाऊबंदांनीच खायचे आणि पौर्णिमेपर्यंत संपवायचे.

माझ्या मुठीचं ठिकाण ठरलेलं होतं. वडील निवृत्त झाल्यावर ते आणि माय थोरल्या भावाकडे जळगावला राहायला गेले, तिथेच आमची कानबाई बसायची. बायको शाळेत शिकवते, तिची नोकरी धुळ्यात, म्हणून ती आणि मुलगी धुळ्यात. त्या दोघी कानबाईला जळगावला जायच्या आणि माय तिच्या आंडोरची (अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा) मूठ घ्यायची. मी कुठल्या समुद्रात आहे हे तिला कधी कळलं नाही, पण मूठ चुकली नाही.

वडील गेले त्या वर्षी मी घरी होतो. माय सवयीने मुठी घेत होती. भाऊची, भाऊच्या मुलांची, माझी, आणि तिचा हात पुन्हा गव्हात गेला. मूठ भरून वर आली. मग ती थांबली आणि तिने ती मूठ परत डब्यात सोडली. गव्हाचा तो आवाज मी विसरू शकत नाही.

तर चौथा मालक. त्याला बोट फिरवायची नव्हती. कुठल्याशा बंदरात धक्क्याला बांधून तिचं हॉटेल करायचं होतं. पाहुणे उतरले, निम्म्याहून जास्त कामगार उतरले, आणि युरोपातल्या एका बंदराबाहेर आम्ही नांगर टाकून उभे राहिलो. लॉन्ड्रीची जबाबदारी माझी असल्यामुळे आम्हा चौघांना मागे ठेवलं; सगळं मोजून ताब्यात द्या आणि जा. जुन्या कंपनीने आमची कागदावर सुटका केली. नव्या कंपनीने स्वतःची माणसांची यादी आणली. हॉटेलचे कपडे जमिनीवरच्या लॉन्ड्रीत धुतले जाणार होते, म्हणून त्या यादीत लॉन्ड्री नावाचं खातंच नव्हतं. 

हे आम्हाला कळलं ते कवायतीला. बोटीवर नवीन कॅप्टन आला की आगीची कवायत होते. नावं पुकारतात, प्रत्येकाला जीवरक्षक होडी नेमून देतात. सगळ्यांची नावं झाली, आम्ही चौघं उरलो. आमची होडी कोणती, विचारलं. अधिकाऱ्याने कागद उलटापालटा केला आणि म्हणाला, तुम्ही तूर्त तिकडे उभे राहा. आम्ही तूर्त तिकडे उभे राहिलो. बुडालोच तर कोणी मोजणारसुद्धा नाही!

यादीत नाही म्हणून किनाऱ्यावर उतरता येईना. बंदराचे लोक विचारत, तुम्ही कोणाची माणसं? यादीत नाही म्हणून तिकीट कोणी काढेना. जुन्या कंपनीसोबत बोटीवरचं इंटरनेट गेलं होतं, आणि आमच्या मोबाइलला तिथे रेंज नव्हती. कॅप्टनकडे फोन होता. तो वाईट माणूस नव्हता, पण नियमाचा किडा. दोन दिवसांत कंपनीचं उत्तर येईल, असं तो रोज म्हणायचा. जेवण मिळायचं, झोपायला केबिन होती. फक्त आम्ही नव्हतो.

भाजीपाला घेऊन एक होडी यायची. तिच्या नाखव्याच्या हातापाया पडलो. तो म्हणाला, एक चिठ्ठी द्या, एक फोन करीन, जास्त नाही. चौघांत ठरलं की फोन माझ्या घरी जावा, आणि माझ्या घरच्यांनी बाकी तिघांच्या घरी कळवावं. मी चिठ्ठी लिहिली. नंबर कोणाचा लिहावा? बायकोचा मला झोपेतही पाठ. पण मी लिहिला भाऊचा. थोरला भाऊ असताना असली खबर बायकोला आधी कशी द्यायची, एवढंच डोक्यात होतं. पुढच्या फेरीला नाखवा आला आणि म्हणाला, नंबर लागला, पण कोणीतरी भलताच माणूस होता, त्याने शिव्या देऊन ठेवला. तेव्हा मला आठवलं. भाऊने दीड वर्षापूर्वी नंबर बदलला होता. नवा मोबाइलमध्ये होता, डोक्यात जुना.

नेपाळी माझ्याशी एक दिवस बोलला नाही. त्याचं बरोबरच होतं. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. माझ्या शहाणपणापायी त्याच्याही घरी अंधार होता, आणि मला तोंड दाखवायला जागा नव्हती. 

लॉन्ड्रीत मी टांगलेलं मराठी कॅलेंडर असायचं. गुरुवारी नागपंचमी झाली, रविवार आला. रोलर थंड, मशीनं बंद. इतकी शांतता मी त्या खोलीत कधी ऐकली नव्हती. घरी आता दळण काढत असतील. पंधरा दिवस उलटले तरी माझा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. रोज फोन करणारा माणूस गप्प झालाय आणि त्याची बोट समुद्रात आहे, एवढंच त्यांना माहीत. माय गव्हात हात घालेल, भाऊची मूठ घेईल, मुलांची घेईल, आणि मग? मला दुसरं काही दिसेचना. माझी मूठ परत डब्यात सोडल्याचा आवाज येत राहिला. मी इस्त्रीच्या टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडलो. लाज वाटावी असं काही नव्हतं, बघायला कोणी नव्हतं.

सोमवारी नव्या कंपनीची एक बाई आली. हातात फळी, फळीवर कागदांचा गठ्ठा, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. बोटीवरच्या कापडाची मोजदाद करायला आली होती. सगळ्या बोटीवर मोजणी चालूच होती, चमच्यांपासून खुर्च्यांपर्यंत. दोन दिवस आम्ही चौघांनी तिला कापड मोजून दिलं. अंगाचे टॉवेल, हाताचे टॉवेल, चादरी, अभ्रे. नांगराचे वेगळे, सोनेरी पट्टीचे वेगळे, नारिंगी वेगळे. फाटकेसुद्धा मोजले. बाई कामाची पक्की होती, एकही टॉवेल सोडत नव्हती. तिच्याबद्दल आदर वाटत होता आणि रागही येत होता. इतक्या बारकाईने मोजायला यांना जमतं की!

मंगळवारी दुपारी मोजणी संपली. तिने शेवटचं पान माझ्यापुढे केलं. 'लिनन कीपर' असं छापलेलं, पुढे रेघ. सही कर, म्हणाली. मी पेन हातात घेतलं. आणि मग काय झालं मला सांगता येणार नाही. मायची दोनदा धुतलेली चादर अंगात आली म्हणा. मी पेन खाली ठेवलं.

"मला सही करता येणार नाही," मी म्हणालो.

"का?"

"मी इथे नाही."

ती चष्म्यावरून बघत राहिली. माझं इंग्रजी बोटीवरचं, मोडकंतोडकं, पण त्या दिवशी कुठेच अडलं नाही. मी म्हणालो, बाईसाहेब, तुमच्या कंपनीच्या यादीत मी नाही, हे तिघंही नाहीत. जो माणूस बोटीवर नाही त्याने टॉवेल मोजले कसे आणि सही करायची कशी? उद्या एक टॉवेल कमी निघाला तर कोणाला धराल? नेपाळी माझ्या मागे उभा राहून मान हलवत होता. दोघं इंडोनेशियन भाऊ हाताची घडी घालून टॉवेलांच्या थप्पीला टेकले होते.

ती हसेल किंवा चिडेल असं वाटलं होतं. ती स्टुलावर बसली. किती दिवस झाले, विचारलं. मी सांगितलं. तिने फळी मांडीवर घेतली आणि तिच्याच हाताने, उशीच्या अभ्र्यांच्या खालच्या ओळीत लिहिलं: चार माणसं, लॉन्ड्री. आमची पूर्ण नावं विचारून लिहिली, स्पेलिंग दोनदा तपासलं. मग म्हणाली, आता तुम्ही माझ्या यादीत आहात, आणि माझी यादी पुरी झाल्याशिवाय बोटीचा ताबा पुरा होत नाही. आता सही कर. मी सही केली. ती सही बँकेत चालली नसती.

ती तो कागद घेऊन कॅप्टनकडे गेली. वर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण संध्याकाळी कॅप्टनने स्वतः बोलावून त्याच्या यादीत आमची नावं चढवली आणि बुधवारी सकाळी आम्हाला एकेक फोन करू दिला. मी माझी पाळी सर्वांत शेवटी ठेवली, नेपाळ्याला पहिली दिली. त्याला मुलगी झाली होती, सहा दिवसांची. तो फोनवरच नाचायला लागला. एवढं मोठं ओझं माझ्या छातीवरून उतरलं की मी पण नाचलो, कॅप्टनच्या खोलीत.

माझी पाळी आली तेव्हा मी नंबर लावला, या वेळी बायकोचा. तिने "हॅलो" म्हटलं, मी "मी बोलतोय" म्हटलं. मग ती म्हणाली, "जेवलात का?" आणि मग ती जी रडायला लागली ती फोनची वेळ संपेपर्यंत.

नव्या कंपनीने तिकीट काढलं, आणि शनिवारी पहाटे मुंबईला उतरलो, संध्याकाळी धुळ्याला. मुलगी गल्लीच्या तोंडाशी उभी होती, ती धावत आली आणि मिठीच मारली. घरात गेलो तर काकू बसलेली. काकू म्हणजे माझी चुलती, मागच्याच गल्लीत राहते, तिच्याकडेही कानबाई बसते. पाटावर ताट, ताटात रोट, वर कापड झाकलेलं. कापड उचललं तर नांगराचा रुमाल, मीच कधीतरी आणलेला.

"खा," काकू म्हणाली. "उद्या पुनव शे."

मला कळेना. माझी मूठ तर जळगावला असते. मग बायकोने सांगितलं. त्या रविवारी मुलीला ताप होता, दोघींना जळगावला जाता आलं नाही. जळगावला भाऊ रोज कुठे कुठे फोन करत होता, माय जेवत नव्हती. त्या घरात माझी मूठ घेतली जाईल की नाही याची बायकोला खात्री वाटेना. म्हणून गहू घेऊन ती काकूकडे गेली, यांची मूठ तुमच्यात घ्या म्हणाली. काकू दचकली. "ज्याना पत्ताच नही, त्यानी मूठ कशी लेवानी?" असं म्हणाली. वाईट मनाने नाही, भीती वाटून. कुठे असा नियम आहे असं नाही, पण तिचा हात पुढे होईना. तेव्हा माझी बायको, जी शाळेत पोरांना प्रमाण भाषेत बोला म्हणून टोकते, ती म्हणाली, "पत्ता नही, पन मानूस शे," आणि तिनेच मूठ काकूच्या परातीत टाकली.

काकू हे ऐकताना पदराने डोळे पुसत होती आणि मला आणखी वाढत होती. मी अख्खा रोट खाल्ला. आयुष्यात इतकं गोड काही खाल्लं नाही, आणि रोट काही फार गोड नसतो.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. आम्ही तिघं एस.टी.ने जळगावला निघालो. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरून उगाचच चहा प्यालो, फक्त उतरता येतं म्हणून. कोणी विचारलं नाही, तू कोणाचा माणूस. कंडक्टर मात्र ओरडला, "ओ भाऊ, चढा आता!" मला त्याचाही राग आला नाही, यावरून काय ते समजा.

जळगावला माय दारातच होती. तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी धरला, मान इकडे-तिकडे फिरवून पाहिली, जणू डाग राहिलाय का बघते आहे. भाऊ मागे उभा राहून सारखा चष्मा पुसत होता. त्याला मी चिठ्ठीतल्या जुन्या नंबराचं सांगितलं तर म्हणाला, "नंबर बदलला ते मी तुला तीनदा सांगितलं होतं." तेवढं बोलला आणि पुन्हा चष्मा पुसायला लागला.

मग मायने पाट मांडला, ताट आणलं, आणि ताटात रोट. माझा. एकटाच उरलेला, बाकीच्यांचे संपले होते. मी बायकोकडे पाहिलं, बायकोने माझ्याकडे. एका माणसाची मूठ दोन ठिकाणी! आमच्या घराण्यात असं कधी झालेलं नाही. भाऊ डोकं खाजवू लागला. मायची काहीतरी चूक झाली, वयामुळे विसरली, असंच सगळ्यांना वाटलं. मी हळूच सांगितलं, माय, धुळ्याला पण माझी मूठ घेतली होती, काल मी तिथला रोट खाल्ला. पोरीला ताप, या दोघी इकडे आल्या नाहीत, तेव्हा ही तिकडे माझी मूठ घेईल हे तुझ्या लक्षात आलं नाही का?

माय माझ्यासमोर बसली होती. तिने रोटावरची बारीकशी राख बोटाने झटकली, दीपनगरच्या चादरीवरची झटकायची तशी.

"माले माहीत व्हतं," ती म्हणाली. "तिनी तिना नवरानी मूठ लिधी. मी मना आंडोरनी लिधी."

मी रोटाचा तुकडा मोडला. कालचाच रोट अजून पोटात होता. माय समोर बसून राहिली, आणि मी तो सगळा संपवला.